डेरीपर्यंतचा रस्ता

माझं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. तिथं भात आणि नाचणी सोडून फारसं काही पिकत नाही. सासर पिंपरी पेंढारला. इथं पाणी आहे म्हणून ऊस आहे, टोमॅटो आहेत, आणि उसात वाघ आहेत. पुस्तकात बिबट्या म्हणतात, आमच्याकडे वाघच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माझे यजमान शेती बघतात. एकुलती मुलगी अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगला आहे, तिथंच होस्टेलवर राहते. सांगण्यासारखं भांडण आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मीठ कमी पडलं, मोटार जळली, असल्याच कुरबुरी.

त्या दिवशी आम्ही नात्यातल्या एका साखरपुड्याहून परत येत होतो. आमची पिकअप टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेलेली, म्हणून मोटरसायकलवर. दिवस मावळला होता, पण अजून दिसत होतं. मी एका बाजूला बसलेली, एक हात यांच्या खांद्यावर, मांडीवर पिशवी. पिशवीत मानाचं लुगडं, नारळ आणि लाडवांचा स्टीलचा डबा. रस्त्याला दोन्हीकडून ऊस. हे जेवणाबद्दल काहीतरी बोलत होते, आमटी झकास झाली होती असं काहीतरी, आणि डावीकडचा ऊस हलला.

वाघ पाहिला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी काहीच पाहिलं नाही. पोटरीवर कुणी जोरात लाकूड हाणावं तसं झालं. साडी मागं ओढली गेली आणि टरकन फाटली. पिशवी मांडीवरून उडाली, डबा रस्त्यावर आपटला. गाडी एकदा इकडं, एकदा तिकडं गेली. मी दोन्ही हातांनी मागचं कॅरियर धरलं. ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाजच फुटेना. यांनी गाडी जी पळवली ती थेट दुधाच्या डेरीपाशी थांबवली.

डेरीत लाईट होता, दूध घालायला आलेली दोन-चार माणसं होती. मी उतरले तर पाय टेकवेना. चप्पल रक्तानं चिकट झाली होती. यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. डोळे फाटलेले, तोंड काही बोलायला उघडलेलं, आणि ते तसंच उघडं राहिलेलं. मग हे तिथंच मातीत खाली बसले. माझं रक्त बघून यांचे पाय गेले, असं मला वाटलं. माणसांनी मला उचलून जीपमध्ये घातलं.

सरकारी दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. वनखात्याची माणसं येऊन पावलांचे ठसे बघून गेली. उसाच्या कडेला पिंजरा लागला. घरी माणसांची रीघ लागली आणि प्रत्येकाला मी तेच सांगत राहिले, "यांनी गाडी थांबवली नाही म्हणून मी जिवंत आहे. दुसरा कुणी असता तर घाबरून ब्रेक दाबला असता." बायका यांच्याकडं कौतुकानं बघायच्या. सासूबाईंनी तर यांच्या अंगावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मी सांगायला लागले की हे उठून गोठ्याकडं जायचे. मला वाटायचं, माणूस लाजतोय.

माझी जखम भरली. मी लंगडत का होईना शाळेत जायला लागले. आणि यांचंच बिघडलं.

आधी मोटरसायकल सुटली. ती शेडमध्ये पोत्याखाली झाकून ठेवली. मग जेवण सुटलं. बसल्या जागी घाम फुटायचा, छातीत दाबल्यासारखं व्हायचं. नारायणगावला नेऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, तर हृदय ठणठणीत. गावातली माणसं हसायची, "वाघानं धरलं बायकोला आन ताप आला दाजींना." हे हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. माझ्याशी तर फारच जपून वागायला लागले. सकाळी माझ्याआधी उठून पाणी तापवायचे, माझा डबा भरायचे, ताट उचलायचे. असला नवरा कुणाला नको असतो? पण डोळ्याला डोळा देत नव्हते. झोपायला पडवीत जायचे. मी हाक मारली की पाहुण्यानं हाक मारल्यासारखं "हां" म्हणायचे.

मी आपले अंदाज बांधले. पायावरचा व्रण बघून किळस येत असेल. पन्नाशीकडं आलेल्या बाईनं असला विचार करू नये म्हणतात, पण मी केला. त्याहून वाईटही केला. बाहेर कुणी असेल, म्हणून ही सेवा. एकदा यांचा फोनसुद्धा उघडून पाहिला. त्यात औषधवाल्याचे आणि भावाचे मेसेज. फोन होता तसा ठेवून दिला.

शेवटी मुलीला सांगितलं. ती सुट्टीला आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मम्मी, पप्पांना काउन्सेलरशी बोलायला लावू. ऑनलाइन. मराठीत बोलणाऱ्या मॅडम आहेत."

"तुला कशा माहीत?"

"मी बोलते त्यांच्याशी. मागच्या वर्षापासून."

मला धक्काच बसला. दर रविवारी ही पोरगी मला मेसच्या भाजीबद्दल सांगत होती, मैत्रिणीच्या लग्नाबद्दल सांगत होती. तिला काय होत होतं, ती कुणा परक्या बाईशी काय बोलत होती, मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. "काय झालं होतं तुला?" मी विचारलं. "आता बरंय," ती म्हणाली. "सांगेन कधीतरी. आधी पप्पांचं बघू."

हे नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, पण लगेच हो म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की आत काहीतरी धरून बसलेला माणूसच इतक्या लवकर हो म्हणतो.

घरात रेंज फक्त गच्चीवर, आणि गच्चीवर बोललेलं चार घरं ऐकतात. म्हणून हे आठवड्यातून एकदा पिकअप घेऊन येडगावच्या धरणाकडं जायचे. पाण्याच्या कडेला गाडी लावायची, काचा वर करायच्या, फोन स्टिअरिंगला टेकवायचा. घरी आले की गप्प असायचे, पण जेवायचे. काही आठवड्यांनी पडवीतून आत झोपायला आले. मी मॅडमना मनातल्या मनात दुवा देत होते.

मग एकदा म्हणाले, "पुढच्या टायमाला तुलाबी बोलवलंय."

फेब्रुवारी संपत आला होता. रविवारची दुपार. पाण्यात म्हशी बसलेल्या, पलीकडं कुणी जाळं झटकत होतं. मी ठेवणीतली साडी नेसले होते, जणू मॅडमच्या घरीच निघाले होते. फोन आता दोघं दिसावीत म्हणून पुढं डॅशबोर्डवर, टॉवेलाची गुंडाळी लावून उभा केलेला. मॅडम माझ्याच वयाच्या निघाल्या. चष्मा, मागं कपाट, डोक्यावर पंख्याची घरघर. माझी चौकशी केली, पायाची केली. मग म्हणाल्या, "त्या संध्याकाळी काय झालं, ते तुम्ही एकमेकांना कधी सांगितलंत का?"

मी हसले. "अहो, गावाला पाठ झालंय."

"तुम्ही सांगितलंत. यांच्या तोंडून ऐकलंत का?"

नव्हतं ऐकलं. मी यांच्याकडं पाहिलं. हे दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते, शाळेत शिक्षा झालेली पोरं बसतात तसे.

"घाई नाही," मॅडम म्हणाल्या. "जमेल तेवढंच सांगा."

हे माझ्याकडं न बघता, फोनकडंही न बघता, समोरच्या काचेकडं बघत बोलले.

"मला वाटलं ही पडली."

मला आधी अर्थच लागला नाही.

"खांद्यावरचा हात सुटला. मागं धप्पकन आवाज झाला. गाडी हलकी लागली. मला वाटलं, गेली. वाघानं वढली हिला." हे थांबले. "आन मी थांबलो न्हाई. मला कळत व्हतं. मागं न्हाई ही, हे कळत व्हतं, आन मी गाडी पळवीत व्हतो. डेरीपाशी लाईट दिसला तवा थांबलो. माणसांना सांगायला तोंड उघडलं, का माझ्या बायकोला वाघानं नेली. आन ही मागनं उतरली."

मॅडमच्या पंख्याची घरघर तेवढी येत होती.

मी पुढं वाकले आणि फोनवरचं लाल बटण दाबलं. का, ते सांगता येणार नाही. वाहता नळ दिसला की हात आपोआप जातो, तसा गेला. मॅडमचा चेहरा गेला, आमच्या मुलीचा शाळेतला फोटो वर आला. लगेच फोन वाजायला लागला. आम्ही दोघांनीही उचलला नाही. वाजून थांबला, मग मेसेज आला. "तुम्ही दोघं ठीक आहात का? एवढंच कळवा." यांनी ‘हो’ लिहून पाठवलं.

"बोल की कायतरी," हे म्हणाले.

मी म्हणाले, "घरी दही लावायचं राहिलंय."

आणि आम्ही घरी आलो. मी खरंच दही लावलं.

पुढच्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. भाकरी थापता थापता हात थांबायचे. वर्गात फळ्यावर उदाहरण लिहायला जायचे आणि खडू धरून उभी राहायचे. पोरं "बाई, बाई" करायची. माझ्या डोक्यात तो रस्ता चालू असायचा. ऊस संपतो, मग पोल्ट्रीची शेड, मग वळण, मग डेरी. एवढा सगळा रस्ता मी यांच्या मागं बसलेली होते. यांच्या शर्टाचा घामाचा वास मला येत होता. आणि यांच्यासाठी मी मागं उसात मेलेली होते.

घरात कुणाला काही बोलले नाही. सासूबाईंना वाटलं, पाय दुखतोय. हे माझ्यासमोर यायचे आणि काही न बोलता जायचे. यांना बरं वाटत असणार, आतलं बाहेर पडलं होतं. याचाच मला जास्त राग यायचा. यांच्या छातीवरचा धोंडा उतरला, तो माझ्या छातीवर आला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी माहेरी गेले. राब भाजायचे दिवस होते, आईला हाताखाली माणूस हवाच होता. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची म्हणून शेतात पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात. दिवसभर धूर. आईनं एकदाच विचारलं, "भांडून आलीस का?" मी म्हणाले, "नाय." तिनं पुन्हा विचारलं नाही, पण माझ्या ताटात तूप जास्त वाढायला लागली.

तिथं घरात फोनला रेंज नाही. वरच्या अंगाला हिरड्याची झाडं आहेत, त्यांतल्या एकाखाली उभं राहिलं की येते. मुलीनं मेसेजवर मेसेज पाठवले होते, "मम्मी, तू एकटी बोल मॅडमशी. तुझ्यासाठी बोल." एका सकाळी मी त्या झाडाला टेकून फोन लावला. पहिलं वाक्य भांडणाचंच होतं.

"तुम्हाला आधीच माहीत होतं."

"हो."

"मग मला सजवून बोलावलंत कशाला? आधी सांगायचं."

"ती गोष्ट त्यांची होती. मी सांगणं बरोबर नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "पण तुमची तयारी मी आणखी करून घ्यायला हवी होती. ते माझं चुकलं."

डॉक्टर, साहेब, मास्तर, कुणी माझ्याशी असं बोलल्याचं मला आठवत नाही. मी भांडायची तयारी करून आले होते. खाली धुराच्या लोटात आई फांदीनं आग सारत होती.

मॅडमनी विचारलं, "सगळ्यात जास्त काय लागलं तुम्हाला?"

मला वाटलं होतं, ‘थांबले नाहीत’ असं मी म्हणेन. पण तोंडातून वेगळंच आलं. "मी सगळ्यांना सांगत होते की यांनी मला वाचवलं. इतके महिने. आणि यांनी ते सांगू दिलं. मी येडी ठरले." एवढं बोलले आणि मला रडू आलं. वाघानं धरल्यापासून मी रडले नव्हते. दवाखान्यात टाके घालतानाही नाही. हिरडे गोळा करायला आलेली एक म्हातारी लांबून बघत होती. तिला वाटलं असेल, हिच्या घरी कुणी गेलं.

मॅडमनी समजूत घातली नाही. जीव वाचवताना माणूस विचार करत नाही, शरीर पळतं, वगैरे त्या म्हणाल्या, पण ते एकदाच. "हे कळूनही तुम्हाला राग येऊ शकतो," म्हणाल्या. "दोन्ही एकाच वेळी असू शकतं. त्यांना विचारायचं काही राहिलं असेल तर ते विचारा." त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत दर आठवड्याला मी त्या झाडाखाली जाऊन बोलत राहिले. कधी यांच्याबद्दल, कधी भलत्याच गोष्टींबद्दल, ज्यांचं मला काही वाटतं हेच मला माहीत नव्हतं.

सुट्टी संपता संपता हे न्यायला आले. एसटीनं आले. फाट्यापासून चढ चालून, घामानं निथळत. आईनं पाणी दिलं, जावयाला गूळ दिला आणि कामाचं निमित्त काढून शेताकडं निघून गेली. आम्ही बांधावर बसलो. समोर भाजलेली काळी जमीन, अजून कोमट.

मी विचारायचं ठरवलंच होतं. "डेरी नसती तर?"

यांनी बांधावरचं एक ढेकूळ उचललं.

"मध्ये लाईट लागला म्हणून थांबलात. लाईट नसताच, तर कुठंवर गेला असतात? परत आला असतात का?"

यांनी ते ढेकूळ हातात चुरलं.

"म्हाईत न्हाई," हे म्हणाले. "रोज इचारतो सोताला. मला खरंच म्हाईत न्हाई गं."

मला पुन्हा धक्का बसला, पण या वेळचा वेगळा होता. मी ‘आलो असतो’ हे ऐकायची तयारी करून बसले होते. कुठल्याही नवऱ्यानं तेच म्हटलं असतं, देवाची शपथ घेऊन म्हटलं असतं. आणि हे तसं म्हणाले असते तर मी त्या दिवशी यांच्याबरोबर निघाले नसते, हे मला तिथं बसल्या बसल्या स्पष्ट कळलं. या माणसानं स्वतःला सोडवून घ्यायला एक शब्द वापरला नाही. मी उठले, पिशवी भरली. जाताना एसटीत आम्ही शेजारी बसलो. हे घोडेगावपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले, नंतर झोपले. झोपेत डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी ते सरकवलं नाही, पण नीटही धरलं नाही.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. मॅडमशी आम्ही अजून बोलतो, कधी दोघं, कधी एकेकटं. येडगावच्या त्या जागी मला बसवेना, म्हणून आम्ही गाडी दुसरीकडं, वडाच्या सावलीला लावायला लागलो. मुलीनं तिचं काय झालं होतं ते एकदा सांगितलं. ते तिचं आहे, इथं लिहिणार नाही. एवढंच, की तेव्हाही मी गप्प बसून ऐकू शकले, आणि हे मला मॅडमशी बोलल्यामुळं जमलं.

दिवाळीत शेजारची जाऊबाई फराळाला आली होती. सोबत आणलेल्या तिच्या नव्या सुनेला सांगायला लागली, "आमच्या भाऊजींनी वाघाच्या तोंडातनं बायको आणलीय." मी आणि सासूबाई लाडू वळत होतो. हे दारात चप्पल घालत होते, ते थांबले.

"मी न्हाई वाचवलं तिला," हे म्हणाले. "ती तिचीच धरून बसली व्हती. म्या तर मागं वळून बघितलंबी न्हाई."

जाऊबाईला वाटलं, विनय करतायत. ती हसली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लेकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि परातीतला लाडू पुन्हा वळायला घेतला. त्यांना किती कळलं, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून मला ‘सूनबाई’ म्हणायच्या ते सोडून नावानं हाक मारतात.

मोटरसायकल पोत्याखालून निघाली. शाळेत सोडायला, बाजाराला, आम्ही जातो आता. उसाचा पट्टा आला की हे पुढं बघतच विचारतात, "हायस ना?" मी "आहे" म्हणते. पट्टा संपेपर्यंत दोनदा-तीनदा विचारतात.

कधीकधी मी लगेच उत्तर देत नाही. फार वेळ नाही, एखादा क्षण. हे गाडी हळू करतात आणि वळून बघतात. हे मी मॅडमना सांगितलं आहे, यांनाही सांगितलं आहे. हे म्हणाले, "असू दे. बघंन मी."